कॉफीबरोबर गाणं कुणाच्या आवडीचं?

शनिवारची संध्याकाळ. फर्ग्युसन रस्त्याच्या किंवा कोरेगाव पार्कच्या आसपासचं कुठलंही भरलेलं कॅफे डोळ्यांसमोर आणा. खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली आहे. तिच्या कानात स्वतःचीच गाणी चालू आहेत, म्हणजे कॅफेचं गाणं थोपवायला तिनं दुसरं गाणं लावलं आहे. मधल्या टेबलावर कॉलेजातली पाच पोरं टाळ्या देत हसताहेत. त्यांना विचारलं तर गाणं कुठलं लागलंय हे सांगता येणार नाही. पण ते बंद केलं तर ‘इथे मजा नाही’ असं म्हणून ती पुढच्या वेळी दुसरीकडे जातील. कोपऱ्यात नातवाच्या वाढदिवसासाठी आलेले आजोबा आहेत. ते मघापासून नुसते हसून मान डोलावताहेत. कुणी काही विचारलं की ‘हो, हो’ म्हणतात. त्यांना एक अक्षर कळत नाही.

चौथा माणूस उभा असतो. ट्रे घेऊन टेबलांमधून फिरणारा वेटर. तो त्या स्पीकरखाली सकाळपासून आहे आणि रात्री कॅफे बंद होईपर्यंत असणार आहे. आवडीनिवडीच्या चर्चेत त्याला कुणी धरत नाही.

सार्वजनिक जागी कुठलं गाणं लावावं, हा वाद वरवर रुचीचा वाटतो. एकाला किशोरी आमोणकर हव्यात, दुसऱ्याला पंजाबी ठेका, तिसऱ्याला काहीच नको. पण या वादाखाली कान आणि मेंदू यांच्याविषयीची बरीच माहिती दडलेली आहे, आणि त्यातला काही भाग थेट आरोग्याचा आहे.

पूर्वी हॉटेलातलं गाणं हॉटेलवाला ठरवत नसे, रेडिओ ठरवत असे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती आली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. चहाच्या दुकानात जे स्टेशन लागे ते सगळे ऐकत, आणि नाही आवडलं तर पाच मिनिटांत पुढचं गाणं येई. आवाजही मर्यादित असे, कारण तो एका लाकडी खोक्यातून येई. गुडलक १९३५ पासूनचं. तशा इराणी हॉटेलांत खरा पार्श्वध्वनी असे तो कपबशांचा, ओरडून दिलेल्या ऑर्डरींचा आणि रस्त्याचा. फरशी आणि संगमरवरी टेबलं तिथेही टणकच होती; पण दारं सताड उघडी असत आणि आवाजाला बाहेर पडायला वाट असे. आजची कॅफे वातानुकूलित, काचबंद असतात. छत उघड्या काँक्रीटचं, भिंती विटांच्या, पडदे नाहीत, गादी नाही. दिसायला छान, पण आवाज शोषून घेणारं तिथे काहीच नसतं. तो भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो.

गाणं गिऱ्हाइकाच्या वागण्यावर परिणाम करतं, हे व्यापाऱ्यांना फार आधी उमगलं. अमेरिकेत जॉर्ज स्क्वायर या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १९३४ मध्ये ‘म्यूझॅक’ ही कंपनी उभी राहिली. कचेऱ्यांना आणि दुकानांना ती तारेवरून बेताचं, कुणाच्या डोळ्यांवर न येणारं संगीत पुरवी. पुढे रोनाल्ड मिलिमन या अभ्यासकानं हे मोजून पाहिलं. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात एका सुपरमार्केटात संथ लयीचं संगीत असताना विक्री जलद लयीच्या दिवसांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त भरली. माणसं हळू चालली, म्हणून जास्त वस्तू नजरेला पडल्या. १९८६ मध्ये त्यानं हेच एका रेस्तराँत करून पाहिलं. संथ संगीतात गिऱ्हाइकं सरासरी ५६ मिनिटं बसली, जलद संगीतात ४५. जेवणाचं बिल साधारण तेवढंच राहिलं, पण संथ संगीतात मद्याचं बिल वाढलं.

म्हणजे मालकापुढे सरळ हिशेब असतो. दुपारी रिकाम्या खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्यात तर संथ लावा. रविवारी बाहेर रांग आहे तर जलद लावा आणि टेबल मोकळं करून घ्या. पुण्यात टेबलाच्या मागे उभं राहून बसलेल्याच्या ताटाकडे बघत राहण्याची जुनी रीत याच कामाला येते, आणि ती फुकट आहे.

आवाजाच्या पातळीचाही असाच उपयोग होतो. फ्रान्समधल्या निकोला गेगाँ यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बारमधला आहे. नेहमीच्या ७२ डेसिबलऐवजी संगीत ८८ डेसिबलवर नेल्यावर तरुण गिऱ्हाइकांचा बिअरचा एक ग्लास सरासरी साडेचौदा मिनिटांऐवजी साडेअकरा मिनिटांत संपला, आणि एकूण ग्लासही वाढले. बोलता येत नाही म्हणून हात ग्लासाकडे जातो, की मोठा आवाज शरीरालाच चेतवतो, हे त्या प्रयोगातून नक्की ठरत नाही. दोन्ही शक्य आहे. पिणाऱ्याला मात्र यातलं काही जाणवत नाही. १९९७ मध्ये एड्रियन नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या एका दुकानात फ्रेंच धून लावली तेव्हा फ्रेंच वाइन जर्मन वाइनच्या पाचपट खपली. जर्मन धून लावल्यावर जर्मन वाइन पुढे गेली. बाहेर पडताना विचारलं, तर गाण्यामुळे निवड केली असं कबूल करणारे अगदी थोडे निघाले.

चवीचंही तेच. मोठ्या पार्श्वध्वनीत पदार्थ कमी खारट आणि कमी गोड लागतो, असं अँडी वुड्स आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये आढळलं. तेव्हा कॅफेतली कॉफी ‘फिकी’ वाटली तर दोष दर वेळी दुधाचा नसतो.

आता आवडीकडे. एकच गाणं एकाला प्राणप्रिय आणि दुसऱ्याला डोकेदुखी का वाटतं? मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांनी १९७०च्या दशकात मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. फार सोपं, ओळखीचं संगीत कंटाळवाणं होतं. फार गुंतागुंतीचं, अनोळखी संगीत त्रासदायक होतं. मधे कुठेतरी सुखाचं शिखर असतं. पण हे शिखर प्रत्येकाचं वेगळ्या जागी असतं. सवाई गंधर्व महोत्सवात रात्र काढलेल्या श्रोत्याला विलंबित ख्याल सुखाचा वाटतो, कारण पुढची समेवरची उडी त्याचा मेंदू आधीच हेरत असतो. नवख्याला त्याच ख्यालात ‘अजून सुरूच झालं नाही’ असं वाटतं. शिवाय साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी आयुष्यभर घट्ट चिकटून राहतात. आठवणींचा अभ्यास करणाऱ्यांना हा उंचवटा पुन्हा पुन्हा दिसला आहे. साठीतल्या गिऱ्हाइकाला आर. डी. बर्मनचं गाणं लागलं की कॉफी गोड लागते आणि विशीतल्याला लागत नाही, यात कुणाची रुची उच्च वा नीच ठरत नाही. आणि ज्यांना कुठलंच संगीत आनंद देत नाही अशीही माणसं असतात. त्यांची श्रवणशक्ती उत्तम असते, बाकीच्या गोष्टींत ते रमतात; फक्त संगीतानं मेंदूतलं सुखाचं केंद्र हलत नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं.

अभ्यासाला बसणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेतली शांतता विकत घेतात, आणि त्याच शहरात तितकीच मुलं दीडदोनशे रुपयांची कॉफी घेऊन गोंगाटात बसून प्रोजेक्ट लिहितात. दोघांनाही विज्ञानात थोडाथोडा आधार सापडतो. रवी मेहता आणि सहकाऱ्यांच्या २०१२च्या अभ्यासात कल्पकतेची कामं ५० डेसिबलपेक्षा ७० डेसिबलच्या मध्यम गलक्यात जास्त चांगली झाली. पण ८५ डेसिबलला ती बिघडली. उलट वाचून लक्षात ठेवायचं असेल तर शब्द असलेलं गाणं नडतं. मनातल्या मनात वाक्य घोळवण्यासाठी मेंदू जी जागा वापरतो तिथे गाण्यातले शब्द आगंतुकासारखे शिरतात. भाषा कळत नसली तरी ते शिरतात, कळत असली तर अर्थाकडे लक्ष ओढलं जातं हे वेगळंच. स्वभावाचाही वाटा आहे. एड्रियन फर्नहॅम आणि अ‍ॅना ब्रॅडली यांच्या १९९७च्या प्रयोगात पॉप संगीत चालू असताना अबोल, आतल्या स्वभावाच्या विद्यार्थ्यांची कामगिरी बोलक्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त घसरली. पुढच्या अभ्यासांत हा फरक दर वेळी इतका ठळक दिसला नाही, तेव्हा ‘मी अंतर्मुख आहे, गाणं बंद करा’ असं काउंटरवर जाऊन सांगण्याएवढा हा पुरावा भक्कम नाही.

या सगळ्या वादाचं एक टोकाचं रूप पुण्यापासून फार दूर, अ‍ॅमस्टरडॅममध्ये दिसतं. युरोपात शिकायला गेलेली मराठी मुलं तिथे पहिल्या आठवड्यात हमखास फसतात, कारण तिथे ‘कॉफीशॉप’ म्हणजे कॉफीचं दुकान नव्हे. १९७६ मध्ये नेदरलँड्सनं अफू कायद्यात बदल करून गांजासारख्या पदार्थांना हेरॉइनपासून वेगळं काढलं आणि त्यातून परवान्यानं चालणारी ही दुकानं रुजली. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, एका माणसाला पाच ग्रॅमच्या वर विक्री नाही, जाहिरात नाही, दारू नाही. ज्याला खरोखर कॉफी हवी त्यानं ‘कॅफे’ शोधायचं. भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा आणि चरस बेकायदा आहेत. पानांपासून होणारी भांग त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहते आणि तिचं नियमन राज्यं करतात. त्यामुळे पुण्यातल्या कॅफेत हा प्रश्न उद्भवत नाही.

पण त्या दुकानांतल्या गाण्याची गोष्ट मेंदूच्या दृष्टीनं ऐकण्यासारखी आहे. कुठे रेगे, कुठे हिपहॉप, कुठे यांत्रिक ठेक्याचं संगीत, आणि प्रत्येक दुकानाचे ठरलेले भक्त. गांजा ओढल्यावर गाणं ‘जास्त खोल’ ऐकू येतं, हा समज जगभर आहे, आणि आपल्याकडे चिलीम आणि भजन यांची सांगड घालणाऱ्यांचाही तोच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या टॉम फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा जणांना वेगवेगळ्या दिवशी टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य असलेला गांजा, टीएचसीबरोबर सीबीडी हे दुसरं द्रव्यही असलेला गांजा, आणि नशा नसलेला नकली गांजा देऊन संगीत ऐकवलं गेलं आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं. नशा आणणाऱ्या दोन्ही प्रकारांत लोक म्हणाले की गाणं अजून ऐकावंसं वाटतं, आवाज जास्त स्पष्ट जाणवतो. पण सीबीडी नसलेल्या गांजानंतर ध्वनी ग्रहण करणारा मेंदूचा भाग, भावनांशी आणि सुखाशी निगडित भाग, हे सगळे संगीताला कमी प्रतिसाद देत होते. सीबीडी असलेल्या गांजात ही घट दिसली नाही. सोळा माणसं म्हणजे फार नव्हेत. तरी ‘ऐकावंसं वाटणं’ आणि ‘ऐकल्याचं सुख मिळणं’ या दोन गोष्टी मेंदूत एकच नाहीत, हे त्यातून चांगलं दिसतं. नशेत वेळ लांबल्यासारखी वाटते हेही खरं. त्यामुळे एखादं नावडतं गाणं तिथल्या माणसाला किती मोठं वाटत असेल याची कल्पना करावी. आणि गांजाचं म्हणाल तर, विशेषतः जास्त टीएचसीचा गांजा कोवळ्या वयात वारंवार घेतल्यास मनोविकाराचा धोका वाढतो, ही बाब कुठल्याही संगीतानं झाकली जात नाही.

पुन्हा कोपऱ्यातल्या आजोबांकडे यायला हवं, कारण खरं नुकसान तिथे होतं आहे. वयानुसार ऐकू कमी येणं सुरू होतं ते उंच पट्टीच्या आवाजांपासून. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात; स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजनं उंच पट्टीत आणि दुबळी असतात. शब्दाचा जोर स्वरात असतो, पण शब्द ओळखू येतो व्यंजनांमुळे. म्हणून आजोबा ‘ऐकू येतंय पण कळत नाहीये’ असं म्हणतात, आणि घरच्यांना वाटतं की लक्ष देत नाहीत. शांत खोलीत त्यांचं भागतं. कॅफेत गाणं आणि गलका नेमके त्या दुबळ्या व्यंजनांवर चढून बसतात. तरुण मेंदू गलक्यातून एकच आवाज निवडून काढण्यात पटाईत असतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये या कौशल्याचा अभ्यास केला आणि त्याला मेजवानीतल्या संभाषणाचं नाव मिळालं. वय वाढलं की हे कौशल्य मंदावतं. श्रवणयंत्र लावलं तर ते माणसाबरोबर स्पीकरलाही मोठं करतं. नव्या यंत्रांत गोंगाट वेगळा काढायची सोय असते, पण काचबंद खोलीत तिलाही मर्यादा पडतात.

मग त्यात भर पडते. १९११ मध्ये एतियेन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी नोंदवलं की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. शेजारचं टेबल चढवतं, म्हणून हे टेबल चढवतं. गाणं ऐकू येईनासं होतं, म्हणून काउंटरवरचा मुलगा आवाज दोन घरं वर नेतो. कुणीही आरडाओरडा करायचं ठरवलेलं नसतं, आणि तासाभरात खोलीतला आवाज दहा डेसिबलनं वाढलेला असतो. दहा डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट आणि कानाला साधारण दुप्पट मोठं.

आजोबा हळूहळू ‘तुम्ही जा, मी घरीच बरा’ म्हणायला लागतात. घरच्यांना ती हौस कमी झाल्याची खूण वाटते. लॅन्सेट आयोगानं २०२० आणि २०२४ च्या अहवालांत, उपचार न केलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक म्हणून मांडला आहे. एकटं पडणं ही त्याच यादीतली दुसरी जोखीम. तेव्हा साठीनंतर एकदा श्रवणतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणं चष्म्याचा नंबर काढण्याइतकं साधं मानायला हरकत नाही.

आणि वेटर. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक असा की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासांच्या वर काम नको. दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो : ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण कॅफे कारखाना नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला दीड तास मोठा आवाज सोसावा लागला तर कान रात्रीत बहुधा सावरतात. बाहेर पडल्यावर कानात शीळ वाजते, सगळं कापसाआडून आल्यासारखं वाटतं, ते सकाळी जातं. रोज दहा-बारा तास तिथेच असणाऱ्याला सावरायला रात्र पुरत नाही. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की तपासणीत ऐकणं पूर्ववत झाल्यासारखं दिसलं तरी पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. माणसातही तसंच होत असेल तर आज तिशीतल्या वेटरला गोंगाटात बोलणं कळेनासं होईल आणि यंत्र म्हणेल, कान ठीक आहेत.

गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी आवाज मोजतात, आकडे पहिल्या पानावर येतात, डीजेवरून शहर दोन आठवडे भांडतं. ते योग्यच आहे. वर्षाच्या उरलेल्या पन्नास आठवड्यांत बंद दाराआडचा आवाज मात्र कुणी मोजत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री दहानंतर ५५ डेसिबल, निवासी भागासाठी ५५ आणि ४५ अशा मर्यादा आहेत. पण त्या परिसराच्या आहेत, आत बसलेल्याच्या कानाच्या नाहीत. शेजारच्या सोसायटीला त्रास झाला तर तक्रार करता येते. आत स्पीकरखाली उभा असलेल्याला तसं काही नाही.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर खोली ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे, एवढा ठोकताळा पुरतो. फोनवरची अ‍ॅप अंदाज देतात. ज्येष्ठ माणसाला घेऊन जायचं तर दुपारी चारच्या आधी जावं, स्पीकरपासून लांबचा कोपरा घ्यावा, त्यांची पाठ भिंतीकडे आणि तोंड बोलणाऱ्यांकडे येईल असं बसवावं; म्हणजे मागचा गलका कमी होतो आणि ओठ दिसतात. मालकाला गाणं बदलायला सांगण्यापेक्षा आवाज कमी करायला सांगणं सोपं जातं, कारण रुचीवर वाद होतो, बटणावर होत नाही. छताला नमदा किंवा आवाज शोषणाऱ्या पट्ट्या लावणं, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या घालणं, एका मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान स्पीकर कमी आवाजात लावणं, ही कामं एका दिवसाची आहेत. वेटरांची जागा दर दोन तासांनी बदलली, म्हणजे स्पीकरजवळची टेबलं एकाच्याच वाट्याला आली नाहीत, तर त्याला पैसाही लागत नाही.